सायकलने पायथा, पायी माथा: एका दिवसात कसं जमवायचं?

उलटीधार
पक्का रस्ता संपतो तिथून डोंगराचा पायथा १६ किमी आत आहे. मधे कच्चा रस्ता, एकूण चढ ४२० मी. पुढे माथ्यापर्यंत ६ किमी पाऊलवाट, चढ ८०० मी. परत त्याच वाटेने यायचंय आणि मुक्काम टाळायचाय. हार्डटेल एमटीबी आहे (डोंगरी सायकल, सस्पेन्शन फक्त पुढे), टायर २.२ इंची. सायकलने खरंच किती वेळ वाचेल? पेडल, बूट आणि सॅकचं काय करायचं?

घसारा
आकडे मांडून बघा. पायी वेळ काढायचा गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा नियम अजूनही कामाचा आहे: ताशी ५ किमी, वर दर ६०० मी चढाला १ तास. सगळं पायी केलं तर ४४ किमी आणि १२२० मी चढ, म्हणजे न थांबता १० तास ५० मिनिटं. सायकलने जाताना ताशी १० किमी धरा, १ तास ३६ मि. पायी भाग ३ तास ४४ मि. परतीला ताशी १८ किमी, ५३ मि. झाले साधारण सव्वासहा तास. खाणं, थांबे, कुलूप लावणं यात तास-दीड तास जातो, तो वेगळा.

यातला कच्चा दुवा म्हणजे जातानाचा ताशी १० किमी. चिखल किंवा सुटी खडी लागली की वेग ६ वर येतो आणि एक तास तिथेच गेला. म्हणून मागे फिरायची वेळ आधी ठरवा: सूर्यास्तातून ३ तास वजा. तोवर माथा आला नसला तरी परत. हेडलॅम्प आणि सायकलचा दिवा तरीही हवाच.

चेनलिंक
पेडल साधं, पिना असलेलं फ्लॅट. पायात ट्रेल शूज, सोल पकडीचं. क्लिपवाल्या बुटाचं सोल कडक असतं आणि क्लीट (पेडलमध्ये अडकणारी सोलखालची पट्टी) धातूची. ओल्या कातळावर ती सरळ घसरते. दुसरा जोड वाहून न्यायचा तर वजन वाढतं, वर बदलाबदलीत वेळ जातो.

चढ हलक्या गिअरमध्ये बसूनच काढा. पुढच्या चकतीला ३२ दात असतील तर मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला निदान ४२ हवेत. उभं राहून जोर मारला की खडीवर मागचं चाक फिरतं, आणि मांड्याही संपतात. डोंगर उतरताना शरीराला ब्रेक लावायचं काम त्याच मांड्यांकडे असतं, त्यांची सगळी ताकद सायकलवरच उधळू नका. खाणं सायकलवर असतानाच सुरू करा, तासाला ३०–६० ग्रॅम कार्बोहायड्रेट.

सॅक पाठीवर असली की तिचं वजन बैठकीवर येतं आणि उतारावर तोल जातो. पाणी आणि अवजारं फ्रेम बॅगेत, कपडे हँडलला. सॅक २० लिटरची, पायथ्यापर्यंत जवळजवळ रिकामी.

घसारा
फ्रेम बॅगेबद्दल थोडा मतभेद. ती पूर्ण त्रिकोण भरणारी असेल तर सायकल खांद्यावर घेता येत नाही. वाटेत ओढा किंवा पडलेलं झाड लागणार असेल तर अर्धीच बॅग लावा.

उलटीधार
पटलं. नकाशावर कच्च्या रस्त्याच्या शेवटच्या २ किमीत १२ कंटूर रेषा (समान उंचीच्या, दोन रेषांत २० मीटर चढ) येतात. तरीही सायकल शेवटपर्यंत न्यावी का?

रानखुणा
२४० मी चढ २ किमीत, म्हणजे सरासरी १२%. सुट्या दगडांवर हे ढकलतच न्यावं लागणार. पायी हा टप्पा ४८ मिनिटांचा, सायकल ढकलत तासाभराचा. येताना सायकलवर १२ मिनिटं, पायी २४. जाताना १२ घालवायची आणि येताना १२ कमवायची, वर खांदे-कंबर दुखवून घ्यायची. त्यापेक्षा १४ किमीवरच सोडा. रस्ता टणक असेल आणि बराचसा चढ चालवत काढता येत असेल तरच वर न्या.

सोडताना रस्त्यापासून २०–३० मी आत, झाडाला बांधून. कुलूप आकड्यांचं, म्हणजे किल्ली हरवायचा प्रश्नच नाही. जागा जीपीएसमध्ये टिपा आणि पुढे निघाल्यावर मागे वळून एक फोटो काढा. धुक्यात सगळी झुडपं सारखीच दिसतात. आडवी ठेवली तर डिरेलरची (मागे चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या भागाची) बाजू वर. उलट ठेवली आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकला की गिअर उड्या मारतात, आणि जास्तच वाकला तर डिरेलर स्पोकमध्ये शिरतो. गुरं फिरत असतील तर ग्रिप आणि सीटवर पिशवी बांधा, घामाच्या मिठासाठी चाटतात, चावतातसुद्धा.

दुरुस्तीचं सामान: एक ट्यूब, पॅच, टायर ट्यूबलेस असेल तर भोक बुजवायचा प्लग, हातपंप (नुसत्या गॅस काडतुसावर विसंबू नका, दुसऱ्या पंक्चरला हात रिकामे), मल्टिटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि जादा हँगर. लिंक तुमच्या स्पीडचीच (मागच्या गिअरांच्या संख्येची) हवी, ११ची १२ला चालत नाही. हँगर मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, आयत्या वेळी दुसऱ्याचा लागत नाही.

चेनलिंक
परतीचं एक राहिलं. सायकलवर बसण्याआधी विंडचीटर आणि हातमोजे घाला. घामाने ओलं अंग उतारावर झटकन गार पडतं, बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज चुकतो. निघण्याआधी दोन्ही चाकांचे ॲक्सल (चाक धरणारे दांडे), हवा आणि ब्रेक तपासा, कुणी हात लावलेला असू शकतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, मारून सोडा, नाहीतर डिस्क तापून पकड कमी होते.