जुनं चावीचं घड्याळ घरीच खोलून साफ करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

पुनर्वसू

नमस्कार मंडळी. मामांचं एक चावीचं मनगटी घड्याळ माझ्याकडे आलंय. १९५०च्या दशकातलं असावं. ३४ मिमीची केस, सेकंदाचा काटा सहाच्या जागी वेगळ्या छोट्या वर्तुळात. मागचं झाकण दाबून बसवलेलं होतं, ते नीट उघडलं. आतल्या पुलावर (चाकं जागेवर धरणारी पट्टी) '१७ ज्वेल्स' (घर्षण कमी करणारे खडे) कोरलंय. मशीनवर गंज दिसत नाही, पण तेल वाळून पिवळं झालंय.

चावी पूर्ण बसते आणि घड्याळ लगेच सुरू होतं. मात्र तासाला दहा-बारा मिनिटं पुढे पळतं. टेबलावर उताणं ठेवलं तर चालत राहतं. उभं धरून चावी खाली केली की थोड्या वेळात थांबतं.

दुसरी गोष्ट डायलची. आकड्यांवर आणि काट्यांमध्ये हिरवट-तपकिरी लेप आहे, अंधारात अजिबात चमकत नाही. मिनिटकाट्यातला लेप तडकलाय आणि त्याचे कण काचेखाली डायलवर पडलेले दिसतात. काटे बराच काळ जिथे थांबले असतील तिथे डायलवर तपकिरी सावलीसारखा डाग आहे. हा लेप खरवडून नवा चमकणारा लेप भरावा असा विचार आहे.

लहान मॉडेलं बनवायचा मला जुना नाद आहे, त्यामुळे चिमटा आणि भिंग हाताला नवीन नाही. घड्याळ मात्र कधीच खोललेलं नाही. हे घड्याळ मामांच्या मनगटावर परत बांधायची फार इच्छा आहे. पूर्ण सर्व्हिसिंग स्वतः करणं जमेल का?

अठरा_हजार

पुनर्वसू, बाकी सगळं नंतर. आधी लेपाचं बोलतो, कारण तिथे घाई झाली तर ती निस्तरता येणार नाही.

तो लेप खरवडू नका, आणि काच तर काढूच नका. १९५०च्या दशकातलं घड्याळ, न चमकणारा तपकिरी लेप, काट्याखाली डायल भाजल्यासारखा डाग: हे वर्णन रेडियमचं आहे. तो डाग किरणोत्सर्गाने पडतो. लेपात रेडियमच्या जोडीला झिंक सल्फाइड असायचं आणि चमकायचं ते झिंक सल्फाइड. सततच्या माऱ्याने ते काही वर्षांत निकामी होतं, म्हणून आता अंधार. रेडियम मात्र आहे तिथेच आहे. रेडियम-२२६चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे तुमच्या डायलवरचं रेडियम मामा तरुण असताना जेवढं होतं जवळपास तेवढंच आज आहे. पुढे १९६०च्या दशकात रेडियम मागे पडून ट्रिटियम आलं. त्याचं अर्धायुष्य साडेबारा वर्षांच्या आतलं, त्यामुळे त्या डायलचा धोका पुष्कळच कमी. ट्रिटियमच्या बऱ्याच डायलवर तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर असतं. तुमच्या डायलवर तसं काही आहे का, काचेवरूनच भिंगाने बघा. खात्री हवी असेल तर गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) बंद घड्याळाजवळ धरला तरी कळतं.

बंद घड्याळ पाहून घाबरायचं कारण नाही. अल्फा कण काचेच्या पलीकडे येत नाहीत. धोका धुळीचा आहे, ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून तरुण मुली घड्याळांच्या डायलवर रेडियमचा रंग भरायच्या. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलेलं होतं. पुढे त्यांच्या जबड्याची हाडं कुजली, कित्येकींचा जीव गेला, आणि १९२८मध्ये खटल्यात तडजोड होऊन काहींना भरपाई मिळाली. डायल रंगवणाऱ्या त्या मुली माझ्या मनातून जात नाहीत. 'जरासं खरवडलं तर काय होतं' हे वाक्य मी म्हणूनच कुणाला हसत सोडून देत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. सर्व्हिसिंगसाठी मशीन केसमधून बाहेर काढावं लागतं, मग काटे उपटावे लागतात, मग डायल उतरवावी लागते. काट्यातला लेप आधीच तडकलाय, तेव्हा काटे उपटताना तो आणखी फुटणार. त्यामुळे हे घड्याळ तुमचं पहिलं घड्याळ नसावं. रेडियमच्या डायलचं काम नेहमी करणारा घड्याळजी शोधा आणि देतानाच स्पष्ट सांगा की लेप सुटलेला आहे. तोवर झाकण लावून ठेवा. ज्या टेबलावर उघडलं होतं ते ओल्या कागदाने पुसा आणि कागद टाकून द्या. झटकायचं नाही, फुंकायचं नाही, आणि हात धुवायचे.

राहिलं तासाला दहा-बारा मिनिटं पुढे जाणं. यासाठी घड्याळ खोलावंच लागेल असं नाही. इतकं पळणारं घड्याळ बहुतेक वेळा चुंबकत्व लागलेलं असतं. हेअरस्प्रिंगची (बॅलन्सला जोडलेली बारीक स्प्रिंग) वेटोळी एकमेकींना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झोके घेणारं चाक, भराभर हलायला लागतो. साधं होकायंत्र घ्या, घड्याळ चालू असताना हळूहळू जवळ न्या. काटा थोडा वळला तर त्यात विशेष नाही, पोलाद म्हटल्यावर तो वळणारच. पण बॅलन्सच्या तालावर थरथरायला लागला तर चुंबकत्व नक्की. डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारं उपकरण) मिळवा. सतत चालणारा असेल तर घड्याळ त्याच्यावर धरून चालू ठेवा, हळूहळू हातभर लांब न्या आणि लांब गेल्यावरच बंद करा. जवळ असताना बंद केलात तर चुंबकत्व उलट वाढू शकतं. एवढं करूनही पळत राहिलं तर वेटोळ्यांना तेल लागलेलं असेल, आणि मग साफसफाईशिवाय इलाज नाही.

उभं धरल्यावर थांबणं हा वेगळा आजार. उताणं असताना बॅलन्सची चूळ (अक्षाचं बारीक टोक) टोकावर फिरते, घर्षण नगण्य. उभं केलं की तीच चूळ कडेवर घासते. वाळलेलं तेल किंवा झिजलेली चूळ, दोन्हींत हेच होतं. बॅलन्सची चूळ एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाड असते, म्हणून ती झिजलीय की नुसती मळलीय हे धुतल्यावर भिंगाखालीच ठरवायचं.

निळा_स्क्रू

अठरा_हजार यांच्याशी पूर्ण सहमत. पण पुनर्वसू, शिकायचं सोडू नका. युनिटास ६४९८ जातीचं मशीन घ्या. मुळात हे खिशातल्या घड्याळाचं, ३६.६ मिमी व्यासाचं आणि साडेचार मिमी जाड. चाकं डोळ्यांना नीट दिसतात आणि चिमट्यात मावतात. सेकंदाचा काटाही तुमच्या घड्याळासारखाच सहाच्या जागी. बायकांच्या छोट्या घड्याळांपासून वर्षभर तरी लांब राहा, रचना तीच असली तरी सगळं अर्ध्या मापात.

खोलायच्या आधी मेनस्प्रिंगचा (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) जोर उतरवा. चावी बोटांत घट्ट धरायची, किंचित पुढे फिरवायची म्हणजे क्लिक (चावी उलटी फिरू न देणारी खिटी) मोकळी होते, ती पेगवुडने (टोकदार लाकडी काडी) बाजूला दाबून धरायची आणि चावी बोटांतून सावकाश उलटी सरकू द्यायची. हे न करता पॅलेटचा (चाकांना एकेक पाऊल सोडणारा छोटा फोर्क) पूल उचललात तर सगळी चाकं एकदम सुसाट सुटतात, त्यात दात आणि चुळा तुटतात.

चावीच्या चाकाचा स्क्रू पुष्कळ मशीनांत उलट्या आट्याचा असतो. त्याच्या डोक्यावर कधी कधी तीन रेघा असतात, पण रेघा नाहीत म्हणजे आटा सरळच असं समजू नका. फिरत नसेल तर जोर लावायच्या आधी दुसऱ्या दिशेने करून बघा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेइतकंच रुंद हवं. अरुंद पातं घसरतं आणि पुलावर कायमचा ओरखडा ठेवून जातं, जुन्या घड्याळांत असे ओरखडे इतके दिसतात की जीव कळवळतो.

धुण्याबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. पॅलेटचे दोन खडे लाखेने चिकटवलेले असतात, बॅलन्सच्या रोलरवरचा खडाही तसाच. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून पॅलेट फोर्क आणि बॅलन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत घालायचे नाहीत, ते पेट्रोलियम नॅफ्थामध्ये (लायटरमध्ये घालतात तसं) धुवायचे. खिडकी उघडी ठेवा, आसपास कुठेही आग नको. नुसतं बुडवून भागत नाही: प्रत्येक ज्वेलचं भोक टोक काढलेल्या पेगवुडने फिरवून साफ करायचं आणि टोक पांढरं निघेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. सगळ्या कामात कंटाळवाणं हेच, आणि घड्याळ पुढे किती वर्षं चालणार ते इथेच ठरतं.

तेलाचं म्हणाल तर कमीच बरं. मोबियस ९०१० हे पातळ तेल बॅलन्स, एस्केप व्हील (पॅलेटला ढकलणारं दातेरी चाक) आणि चौथ्या चाकाला. एचपी १३०० किंवा डी ५ हे दाट तेल बॅरल (मेनस्प्रिंगचा डबा) आणि मधल्या चाकाला, कारण तिथे वेग कमी आणि दाब जास्त. पॅलेटच्या खड्यांच्या टोकांना ९४१५. पॅलेट फोर्कच्या चुळांना तेल नाही, चाकांच्या दातांनाही नाही. ज्वेलच्या वाटीत तेल अर्ध्याच्या थोडं वर दिसलं की थांबायचं. त्याहून जास्त झालं तर ते चुळीपाशी टिकत नाही, ज्वेलवरून पसरून निघून जातं आणि चूळ कोरडी पडते.

जुनी_काच

मला एक वेगळं सुचवायचंय. डायल नाहीतरी डागाळलीय. सर्व्हिसिंगला देणारच आहात तर डायल नव्याने छापून घ्या आणि केसलाही पॉलिश करून घ्या. मामांना घड्याळ नव्यासारखं मिळेल, ते खूश होतील.

अठरा_हजार

जुनी_काच, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी याला ठाम नाही म्हणेन. नव्याने छापलेल्या डायलवर अक्षरं जाड येतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, सेकंदाच्या वर्तुळाची खोली हरवते. आणि एकदा जुनी छपाई गेली की ती परत आणता येत नाही. केसचंही तसंच. बफिंगच्या चाकाखाली पहिल्यांदा जातात त्या कडा. पट्टा जिथे अडकतो त्या टोकांवरची धारदार रेघ गोल झाली की घड्याळाचा चेहराच बदलतो. काच ॲक्रिलिकची असेल तर तिचे ओरखडे पॉलिशच्या पेस्टने खुशाल काढा. वाटलं तर घड्याळजींकडून काच नवीन बसवून घ्या, ती बदलण्यासाठीच असते.

या डायलच्या बाबतीत आणखी एक: छपाईसाठी आधी जुना थर खरवडून काढतात, म्हणजे तीच रेडियमची धूळ दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत. त्यापेक्षा घड्याळजी काट्यांमधला सुटा लेप काळजीने काढून तिथे न चमकणारा, जुन्या रंगाशी जुळणारा लेप भरू शकेल का, हे विचारा. डायलवरचा घट्ट बसलेला लेप तसाच राहू द्यायचा. तो तपकिरी डाग मामांनी इतकी वर्षं पाहिलेला आहे, तो पुसून त्यांचं घड्याळ दुसऱ्याच कुणाचं तरी करू नका.

पुनर्वसू

सगळ्यांचे मनापासून आभार. डायलवर 'टी' नाही, नुसतं 'स्विस' आहे. झाकण लावून टाकलं, टेबल ओल्या कागदाने पुसलं. होकायंत्राचा काटा खरंच बॅलन्सबरोबर थरथरत होता! ओळखीच्या एकांकडे डीमॅग्नेटायझर होता. आता घड्याळ दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जातंय. उभं केल्यावर थांबणं तसंच आहे.

मामांशी बोललो. डायल बदलायची कल्पना ऐकूनच ते "अजिबात नको" म्हणाले. सर्व्हिसिंगला देताना लेपाचं आधी सांगेन. ६४९८ मागवतोय. ते धुऊन, तेल घालून जोडल्यावर काम बरोबर झालं की नाही हे कशावरून ओळखायचं? नुसतं चालायला लागणं पुरेसं नसणार.

निळा_स्क्रू

बरोबर, पुरेसं नाही. टाइमग्राफर घ्या, घड्याळाचा आवाज ऐकून तो आकडे दाखवतो. ६४९८ दोन वेगांत मिळतं, तासाला १८००० किंवा २१६०० ठोके. तुमचं कोणतं ते बघून ठेवा, म्हणजे उपकरणाने वेग चुकीचा ओळखला तर लगेच लक्षात येईल.

दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा, कारण तो रेग्युलेटरची काडी सरकवून कधीही सुधारता येतो. आधी अँप्लिट्यूड बघा, म्हणजे बॅलन्स प्रत्येक झोक्यात मधल्या जागेपासून किती अंश फिरतो ते. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून २७० ते ३१० अंश आलं तर काम छान झालंय. २००च्या खाली असेल तर कुठेतरी मळ राहिलाय, तेल चुकीच्या जागी गेलंय किंवा मेनस्प्रिंग थकलीय. बाहेर काढलेली मेनस्प्रिंग उलट्या दिशेने वळून एस आकार घेत असेल तर ती जिवंत आहे. नुसती गुंडाळलेलीच राहत असेल तर नवीन घाला.

मग बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक), एक मिलिसेकंदाच्या आत हवा. त्यानंतर डायल खाली आणि चावी खाली धरून तेच आकडे पुन्हा घ्या. उभ्या स्थितीत अँप्लिट्यूड तीस-चाळीस अंशांनी उतरणं ठीक आहे, त्याहून फार उतरलं तर बॅलन्सच्या चुळा आणि त्यांचे ज्वेल पुन्हा भिंगाखाली घ्या. मामांच्या घड्याळाचं काम करायला देताना घड्याळजींकडूनही हे आकडे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही लिहून मागा.