मदत हवी आहे: तीच ईव्ही, तीच लीज कंपनी, तरी हैदराबादला स्वस्त आणि नागपूरला महाग का?

मिहानवाला (धागाकर्ता), सोमवार
नमस्कार. आमच्या कंपनीच्या कार लीज योजनेतून इलेक्ट्रिक गाडी घेतोय. माझ्या टीममधल्या हैदराबादच्या सहकाऱ्याने नुकतीच तीच गाडी, तेच व्हेरिएंट, त्याच लीज कंपनीकडून घेतली. मला नागपूरसाठी आलेल्या कोटेशनमध्ये महिन्याचं भाडं त्याच्यापेक्षा नऊ हजारांनी जास्त आहे. पूर्ण मुदतीत चार लाखांच्या वर जातात. तेलंगणात ईव्हीला रोड टॅक्स माफ आहे आणि आपल्याकडे नाही, म्हणून हा फरक का? हैदराबादला पासिंग करून गाडी नागपुरात आणली तर चालेल का? लीज कंपनीवाले "राज्याप्रमाणे रेट बदलतात" एवढंच सांगतात. शुक्रवारी एचआरची मुदत संपते. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

वर्धारोडकर
गाडी कोणती? मुदत किती? विमा-सर्व्हिसिंग धरून की नुसती गाडी? वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा? यातलं काहीच लिहिलं नाही भाऊ, सांगायचं कशावरून?

हिंगणा_एमआयडीसी
लीजच्या भानगडीत पडू नका. बँकेचं कर्ज काढा. आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळते आणि गाडी आपल्या नावावर राहते. चार वर्षं भाडं भरून हाती काय लागतं?

धरमपेठ_लेखापाल
हिंगणा, ८०ईईबी फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना आहे. आज कर्ज काढलं तर त्यातलं काही मिळत नाही. कृपया लोकांना जुन्या माहितीवर कर्जात ढकलू नका.
नोकरदाराला लीजचा फायदा वेगळा असतो. भाडं पगारातून कर लागण्याआधी वजा होतं आणि गाडीच्या वापरापोटी एक ठरलेली छोटी रक्कम उत्पन्नात धरतात. नव्या करप्रणालीतही हे चालतं. शिवाय भाड्यावर जीएसटी त्या गाडीच्याच दराने लागतो, म्हणजे ईव्हीला ५ टक्के. पेट्रोल गाडीला २२ सप्टेंबर २०२५ नंतर गाडीच्या आकाराप्रमाणे १८ किंवा ४०.
मिहानवाला, तुम्ही आयकराच्या कोणत्या स्लॅबमध्ये आहात?

मिहानवाला
स्लॅबचा काय संबंध? आम्ही दोघं एकाच ग्रेडला आहोत आणि मी करापूर्वीच्या भाड्याबद्दल बोलतोय. गाडी क्रेटा इलेक्ट्रिक, एक्स-शोरूम १८ लाखांच्या आसपास. ४८ महिने. विमा-मेंटेनन्स धरून.

संत्रा_बर्फी
दादा, केंद्राची फेम सबसिडी तुमच्या कोटेशनमध्ये वजा केलेली दिसत नाही. ती मागा. हैदराबादवाल्याला मिळाली असेल.

वर्धारोडकर
फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपली. ती चालू होती तेव्हाही चारचाकीत पैसे टॅक्सीसारख्या व्यावसायिक गाड्यांनाच होते, खाजगी कारला नव्हते. १ ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत कारचा समावेशच नाही. केंद्राकडून कारला जे आहे ते ५ टक्के जीएसटी, आणि ते अख्ख्या देशात सारखं. त्यामुळे फरक तिथून येत नाही.

बेसा_रहिवासी
बीएच नंबर घ्या ना. भारतभर चालतो, राज्याचा झगडाच मिटला. माझ्या मेव्हण्याने घेतलाय.

धरमपेठ_लेखापाल
बीएच नंबर व्यक्तीच्या नावावरच्या खाजगी गाडीला मिळतो. इथे गाडी लीज कंपनीच्या नावावर असणार. आणि बीएचमध्ये ईव्हीलाही दर दोन वर्षांनी कर भरावा लागतो, पेट्रोलपेक्षा दोन टक्के कमी एवढंच. महाराष्ट्रात ईव्हीला जो कर लागतच नाही, तो आपण होऊन कशाला भरायचा?

मिहानवाला
थांबा. महाराष्ट्रात लागत नाही? नक्की?

अंबाझरी_काठ
नक्की. राज्याचं नवं ईव्ही धोरण मे २०२५ मध्ये आलं, त्यात मोटार वाहन कर माफ आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के कर लावायचं म्हटलं होतं, पण तेही त्याच मार्चमध्ये मागे घेतलं. तेलंगणाची माफी १८ नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे कराच्या बाबतीत नागपूर आणि हैदराबाद आज एकाच पातळीवर आहेत. खरा फरक पाहायचा तर कर्नाटकात पाहा, तिथे २०२४ पासून २५ लाखांवरच्या ईव्हीला १० टक्के लागतात.
हैदराबादचं पासिंग करून इथे आणायचं डोक्यातून काढा. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी लीज कंपनीची आणि तिथल्या आरटीओची एनओसी लागते. चार वर्षं गाडी तुमच्या दारात उभी राहणार, लपणार कुठे?

विंडसर_घ्या
मी सांगतो तो मार्ग सगळ्यात चांगला. बॅटरी भाड्याने मिळते अशी गाडी घ्या. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आणली तेव्हा गाडी ९.९९ लाख आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये. रोख घ्या, लीज कंपनीची गरजच नाही.

वर्धारोडकर
बॅटरीचं भाडं फायनान्स कंपनीमार्फतच असतं, म्हणजे तेही एक प्रकारचं कर्जच झालं. महिन्याला किमान १५०० किलोमीटरचे पैसे धरतात. साडेतीनने ५,२५० रुपये, गाडी दारात उभी राहिली तरी. मनीषनगर ते मिहान जाऊन-येऊन एवढं रनिंग होतं का? आणि राज्याप्रमाणे फरक इथेही आहेच, केरळने २०२५ च्या अर्थसंकल्पात भाड्याच्या बॅटरीवाल्या गाड्यांना १० टक्के कर लावला.

विंडसर_घ्या
माझं महिन्याला दोन हजाराच्या वर होतं. वर्धा, अमरावती सारखं चालू असतं. मला परवडतं.

वर्धारोडकर
तुम्हाला परवडतं म्हणून त्यांना परवडेल असं नाही ना भाऊ. त्यांनी गाडी ठरवलीय, त्यांचा प्रश्न भाड्याचा आहे.

डेन्व्हरचा_नागपूरकर
मी मूळचा महालचा, आता कोलोराडोत. इथेही हाच प्रकार होता. केंद्राचे ७,५०० डॉलर लीजमध्ये गाडी घेणाऱ्याला नाही, लीज कंपनीला मिळायचे, आणि ती ते भाड्यात उतरवायची किंवा नाही उतरवायची. वर राज्याची सूट २०२४ मध्ये ५,००० डॉलर होती, २०२५ मध्ये ३,५००, २०२६ पासून ७५०. त्यामुळे २०२४ मध्ये आमच्याकडे निसान लीफ महिना वीस-पंचवीस डॉलरला मिळत होती. ३० सप्टेंबर २०२५ ला केंद्राची सूट बंद झाली. सूट कुणाच्या खात्यात जाते ते आधी विचारा.

काटोल_नाका
लीजवरच्या ईव्हीचा नागपूरला जुना अनुभव आहे बाप्पा. २६ मे २०१७ ला इथे इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या होत्या, देशातला पहिला प्रयोग म्हणून. चालकांना गाड्या लीजवरच होत्या. चार्जिंगच्या रांगेत त्यांचा धंद्याचा वेळ जायचा. अन् मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत उघड्यावर लावलेल्या गाडीच्या बॅटरीचं काय होत असेल? सोसायटीत चार्जर लावायची परवानगी घेतली का? आमच्या इथे वर्षभर नुसत्या मीटिंगा होऊन राहिल्या.

मिहानवाला
चार्जरची परवानगी मिळाली आहे, पार्किंग बेसमेंटला आहे. कृपया भाड्याबद्दल बोला. कर दोन्हीकडे माफ असेल तर मग नऊ हजार कुठून आले?

गिरीपेठ_पासिंग
मी कंपन्यांच्या गाड्यांच्या पासिंगचं काम करतो, म्हणून बोलतो. कोटेशनचा ब्रेकअप मागा आणि त्यात "रजिस्ट्रेशन / आरटीओ" ही ओळ बघा.
महाराष्ट्रात पेट्रोल-डिझेल गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के कर लागतो. व्यक्तीच्या नावावर याहून बराच कमी. लीजची गाडी कंपनीच्याच नावावर चढते, त्यामुळे लीजवाल्यांच्या शीटमध्ये महाराष्ट्र निवडलं की हे २० टक्के आपोआप बसतात. ईव्हीला ते शून्य करायला हवेत. हातात आलेल्या काही कोटेशनमध्ये ते तसेच राहिलेले मी पाहिले आहेत. १८ लाखांचे २० टक्के ३ लाख ६० हजार. ४८ ने भागा, साडेसात हजार. वर त्या रकमेचं व्याज आणि जीएसटी. तुमचे नऊ हजार इथेच असतील असा माझा अंदाज आहे.
गाडी पास झाल्यावर मिळणाऱ्या पावतीत कराच्या रकान्यात ईव्हीला शून्य येतं, बाकी फी, स्मार्ट कार्ड वगैरे किरकोळ. अशी एखादी महाराष्ट्रातली पावती त्यांना दाखवा, लगेच कळेल. आणि हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं येणार हेही लिहून घ्या. अक्षरं पिवळी आली तर ती व्यावसायिक नोंदणी.

संत्रा_बर्फी
मग पेट्रोल गाडी लीजवर घेणाऱ्यांना महाराष्ट्रात २० टक्के बसतात? हे मला आज कळलं. माझा भाऊ पुण्यात पेट्रोल गाडी लीजवर घेतोय.

गिरीपेठ_पासिंग
हो. भावाला ईव्हीचं कोटेशनही मागायला सांगा. लीजमध्ये ईव्ही अन् पेट्रोलचा खरा फरक महाराष्ट्रात तिथेच पडतो.

मिहानवाला, बुधवार
ब्रेकअप आला. "रजिस्ट्रेशन" समोर ३ लाख ६८ हजार लिहिलेत. सहकाऱ्याच्या कागदात त्याच ओळीत काही हजार आहेत. आत्ताच मेल टाकला, धोरणाच्या शासन निर्णयाची प्रत जोडून.

अंबाझरी_काठ
छान. बाकीच्या ओळीही टाका इथे. विमा नागपूरला थोडा कमीच यायला हवा. विम्याच्या दरात हैदराबाद, पुणे, मुंबई झोन ए मध्ये आहेत, नागपूर झोन बी मध्ये.

मिहानवाला, गुरुवार
सुधारित कोटेशन आलं. कर काढला. विमा खरंच कमी आहे. आता हैदराबादपेक्षा फरक हजाराच्या आसपास उरलाय. ते म्हणतात नागपूरला रेसिड्युअल व्हॅल्यू (मुदत संपल्यावर गाडीची उरलेली किंमत) २५ टक्के धरतात, हैदराबादला २८, कारण इथे जुन्या ईव्हीला गिऱ्हाईक कमी. हे बरोबर आहे का? यावर भांडू का?

धरमपेठ_लेखापाल
हे तरी खरं कारण आहे. मुदत संपल्यावर गाडी स्वतःकडे ठेवणार असाल तर भांडू नका. भाड्यात जास्त गेलेले ते पैसे शेवटी गाडी विकत घेताना कमी द्यावे लागतील, आणि भाडं तुम्ही करापूर्वीच्या पैशांतून देताय. गाडी परत करणार असाल तर मात्र २८ मागाच. सही करण्याआधी नोकरी सोडली तर काय, ते कलम वाचा. बऱ्याच करारांत उरलेली रक्कम एकदम भरावी लागते.

हिंगणा_एमआयडीसी
मी अजूनही म्हणतो, कर्जच बरं. नोकरी सोडायचा प्रश्नच येत नाही.

मिहानवाला
गाडी ठेवणार आहे. नोकरी सोडण्याचं कलम आज रात्री वाचून उद्या दुपारी सही करतो. गिरीपेठ, तुमचे मनापासून आभार. एक शेवटचं: शोरूमने चार्जरचे वेगळे पैसे लावलेत, तो भाड्यात घालू की रोख देऊ?

गिरीपेठ_पासिंग
रोख द्या. भाड्यात घातला तर चार वर्षं त्याच्यावर व्याज बसेल, आणि गाडी परत करायची वेळ आली तर चार्जर तुमचा की त्यांचा यावर वाद होईल.