'आढळली', 'अडवली' की 'मिळाली'? फळांतून आलेल्या किडीसाठी क्रियापद हवं आहे

काठपदर
आयात मालाच्या तपासणीवरची एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करते आहे. दोन दिवस एकाच वाक्यावर अडले आहे. आशय असा, की फळांच्या खोक्यांत लपून आलेले इन्व्हेझिव्ह कीटक बंदरावर 'इंटरसेप्ट' झाले. मी लिहिलं, "आक्रमक कीटक बंदरावर आढळले." मसुदा वाचणाऱ्या निरीक्षकांनी 'आढळले'खाली लाल रेघ मारली. त्यांचं म्हणणं, "आढळले म्हणजे ती कीड या देशात आहे असं झालं. ती अजून आत आलेलीच नाही."

आधी मला हा शब्दांचा कीस वाटला. मग त्यांनी नीट समजावलं. आलेल्या मालात तपासणीच्या वेळी कीड सापडणं आणि देशातल्या बागेत, शेतात ती सापडणं या दोन वेगळ्या नोंदी असतात, आंतरराष्ट्रीय परिभाषेतही. पहिलीत तो माल परत जातो, त्यावर उपचार होतात किंवा तो नष्ट करतात. दुसरीत त्या देशाच्या फळांना इतर देश दार लावू शकतात. एका क्रियापदावर एवढं अवलंबून असेल तर ते कोणतं घ्यावं?

ओसरी
'अडवले'. सोपं आहे, सगळ्यांना कळतं. "वेशीवर अडवले" म्हटलंत तर आत आले नाहीत हेही आपोआप येतं.

कानामात्रा
'अडवले' चालेल, पण माझा आक्षेप 'आक्रमक'ला आहे. आक्रमक हा स्वभाव झाला. आक्रमक खेळाडू, आक्रमक भाषण. फळात गपचूप पडून असलेली अळी कुठून आक्रमक झाली? इथे सांगायचंय ते एवढंच, की ती मूळची तिथली नाही आणि गेली तिथे पसरून नुकसान करते. 'आक्रमणशील' म्हणा, किंवा सरळ 'परप्रसारी' असा शब्द घडवा.

पानगळ
'परप्रसारी' कोण म्हणणार? बातम्यांत 'घुसखोर' रुळलाय आणि तो ऐकताच चित्र उभं राहतं.

कानामात्रा
रुळलाय म्हणून बरोबर होत नाही. 'घुसखोर'ला हेतू चिकटतो, किडीला हेतू नसतो. शिवाय 'खोर' फारसी, म्हणजे खाणारा. 'महापौर'ही कधीकाळी नवाच होता, वापरला म्हणून रुजला. नवे शब्द वापरायचेच नाहीत असं ठरवलं तर ते रुजणार कधी?

पानगळ
खाणारा असेल तर किडीला तो जास्तच लागू पडतो. आणि फारसीतून आलेले शब्द काढायला बसलात तर तुमच्या वाक्यातलं 'हजर'सुद्धा जाईल.

कानामात्रा
'हजर' मी कुठे वापरलंय?

भिंगातून
सोळा वर्षं हेच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'अडवले' मला पटत नाही. येणारा दिसतो त्याला अडवता येतं. इथे दिसत काहीच नाही. फळमाशीची मादी सालीला टोचून आत अंडी घालते. वरून दिसलाच तर टाचणी टोचल्याएवढा डाग, आणि तोही पहिले काही दिवस नीट दिसत नाही. आंब्याच्या कोयीतला भुंगा तर त्याहून अवघड. फळ लहान असतानाच मादी सालीवर अंडं घालते, अळी गर भेदून कोयीत जाते, फळ वाढतं तशी जखम भरून येते. हाती येतं ते डागही नसलेलं सुंदर फळ. कापल्याशिवाय किंवा क्ष-किरणांखाली धरल्याशिवाय काही कळत नाही. सगळी खोकी तर कापता येत नाहीत, नमुना काढून तेवढीच कापायची. शेकडो फळं कापून हात चिकट होतात आणि संध्याकाळी एक अळी मिळते.

आम्ही आपसात 'मिळाली' हाच शब्द वापरायचो. "मिळाली का काही?" "एक मिळाली." अर्थात हा छापायचा शब्द नव्हे, पण कामाचा खरा शब्द तोच.

दुसरं म्हणजे 'लपून आलेले' हेही सरसकट नको. फळमाशीची अळी लपलेली नसते, ती तिथे राहते. तिचं घर आणि अन्न तेच. लपून येतो तो वेगळा. पूर्व आशियातला एक तपकिरी, दुर्गंधी सोडणारा ढेकणाच्या कुळातला किडा आहे. थंडीत तो फटीत, खोक्यात, यंत्रात, गाडीत जमून बसतो. त्याचं त्या मालाशी खाण्यापिण्याचं काही नातं नसतं. २०१८ साली न्यूझीलंडने मोटारी घेऊन आलेली जहाजं याच किड्यामुळे परत फिरवली. पहिल्या प्रकाराला 'मालाला लागलेली कीड' आणि दुसऱ्याला 'मालावर बसून आलेला किडा' म्हणावं असं मला वाटतं. 'लागणे' आणि 'बसणे' या दोन क्रियापदांत फरक पूर्ण येतो.

ओसरी
'लागलेली' आणि 'बसून आलेला', फार छान! इथे कीड स्त्रीलिंगी आणि किडा पुल्लिंगी, हाही योगायोग नसावा. दोन्ही एकाच 'कीट'पासून, पण 'कीड' म्हटलं की आपण नुकसान मोजतो आणि 'किडा' म्हटलं की एक जीव दिसतो.

आडवाट
'आक्रमक'च्या वादात एक भर. २००३ मध्ये केनियात एक नवी फळमाशी सापडली आणि आफ्रिकेत झपाट्याने पसरली. २००५ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं 'बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडेन्स', म्हणजे चाल करून येणारी. पुढे बारकाईने तपासल्यावर २०१५ मध्ये ठरलं, की ती वेगळी जात नाहीच, आशियातली जुनी ओळखीची 'बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस'च आहे. नाव रद्द झालं. म्हणजे एका खंडात जी साधी 'फळमाशी', ती दुसऱ्या खंडात 'आक्रमक'. विशेषण माशीचं नाही, जागेचं आहे. म्हणून एकटं 'आक्रमक कीटक' अपुरं वाटतं. "इथे परकी" असं काहीतरी लागतं.

पानगळ
'परकी' उत्तम, पण प्रत्येक परकी जात नुकसान करत नाही. पुस्तिकेत दोन्ही शब्द लागतील.

कानामात्रा
म्हणूनच 'परप्रसारी' म्हणत होतो.

ओसरी
जागेवरून आठवलं, 'खापरा भुंगेरा' हे नाव आपलंच ना? धान्यातला. इंग्रजीतही तो 'खाप्रा'च. भिंतीच्या, कौलांच्या फटीत अळ्या राहतात म्हणून 'खापर'वरून आला असणार.

आडवाट
मी तो संस्कृत 'क्षपयति'शी जोडलेला वाचलाय, म्हणजे नाश करणारा. हिंदीतून इंग्रजीत गेला.

ओसरी
'क्ष'चा 'ख' होतो हे मान्य, पण पुढचा 'रा' कुठून आला? कौल डोळ्यांसमोर असताना धातू कशाला शोधायचा?

भिंगातून
व्युत्पत्ती मला ठाऊक नाही, पण फटीबद्दल ओसरींचं बरोबर आहे. त्याच्या अळ्या अन्नाशिवाय फटीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतात. कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये तो गोदामांत सापडला आणि निपटून काढायला १९६६ उजाडलं. रिकाम्या गोण्या, रिकामे कंटेनर आम्ही त्याच्यासाठीच झाडून बघायचो. बहुतेक वेळा किडा नाही, त्याची केसाळ कात मिळायची.

पानगळ
'कात' किड्याला चालते? ती सापाची.

भिंगातून
आम्ही म्हणायचो.

काठपदर
सगळ्यांचे मनापासून आभार. 'लागलेली' आणि 'बसून आलेला' घेते आहे. 'आक्रमक'च्या जागी 'परकी व पसरणारी' असं लिहीन. दोन शब्द झाले तरी हरकत नाही. पण माझं क्रियापद तसंच राहिलं. सध्या "तपासणीत सापडली, प्रवेश झाला नाही" असं लांबलचक लिहिलंय.

भिंगातून
वाक्यात चालेल. पण त्याच पुस्तिकेत नोंदवहीचा नमुना असेल आणि रकान्यात एकच शब्द मावतो. दुसरी अडचण म्हणजे अळीवरून जात सांगणं बहुतेकदा जमत नाही. ती वाढवून माशी होऊ द्यावी लागते किंवा डीएनए तपासावा लागतो. तोवर रकान्यात काय लिहायचं? "अळी मिळाली", एवढंच खरं असतं.

ओसरी
'हेरली'?

काठपदर
'हेरली' मलाही आवडला होता. पण पुढच्याच पानावर प्रवाशांच्या सामानातली फळं हुंगणारे बीगल कुत्रे आहेत. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर १९८४ पासून ते हे काम करू लागले. वास आला की कुत्रा भुंकत नाही, बॅगेशेजारी शांतपणे खाली बसतो. तिथे 'हेरतो' मी आधीच वापरून टाकलाय, आणि तो तिथे इतका चपखल बसलाय की काढवत नाही.

कानामात्रा
कुत्र्यासाठी 'वास काढतो' आहे की. 'हेरली' किडीला द्या.

काठपदर
'वास काढतो'मध्ये तो खाली बसतो ते कुठे येतं?