शब्दचर्चा : धक्का, धसका, हाय आणि फिर्यादीतली आई

करवीरकन्या
रंकाळ्यावर सकाळी फिरताना मोटरसायकलवरच्या दोघांनी आईच्या गळ्यातलं गंठण हिसडा मारून नेलं. त्याबद्दल आणि त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायला घेतलंय. घोडं अडतंय शब्दांपाशी. फिर्यादीच्या नकलेत आई अशी आहे : 'वय ६२, धंदा घरकाम, समक्ष हजर राहून फिर्याद देते की, दोन अनोळखी इसमांनी...' बातमीत तीच 'पीडित महिला'. दोन्हींत मला आई सापडत नाही. पुढे ती एकटी दाराबाहेर पडेना. त्याला 'मानसिक आघात' म्हटलं की डॉक्टरांची चिठ्ठी वाचल्यासारखं वाटतं. तुम्ही काय लिहाल?

शब्दवेडा
'पीडित' नकोच, आणि जित्याजागत्या माणसाला 'बळी' तर मुळीच नको. 'फिर्यादी' मात्र वाटतो तितका कोरडा नाही. फारसीत फिर्याद म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. फिर्यादी ही नुसती सोसणारी नव्हे, दाद मागणारी बाई. 'इसम'ही गंमतीचा : अरबीत त्याचा अर्थ 'नाव', आणि ज्याचं नाव ठाऊक नाही त्यालाच आपण अनोळखी इसम म्हणतो. नकलेतली ती ओळ अवतरणात जशीच्या तशी द्या, 'धंदा घरकाम'सकट. बाकी सगळीकडे आई.

निवृत्त बेंच क्लार्क, कसबा बावडा
ताई, एका बाबतीत तरी कागदाची शिस्त पाळा. संशयित, आरोपी आणि दोषी ही तीन वेगळी माणसं आहेत. 'चोरट्यांनी नेलं' म्हणायला हरकत नाही, चोरी झालीच आहे. पण पकडलेल्या माणसाचा उल्लेख आला की निकाल लागेपर्यंत 'आरोपी'च लिहा. 'दरोडा' लिहू नका. पेपरात सर्रास छापतात, पण कायद्यात दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. हिसडा मारून नेण्याला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र कलम आहे, ३०४. त्याआधीची घटना असेल तर ती चोरी किंवा जबरी चोरी म्हणून नोंदलेली असणार. नकलेवरचं कलम बघून घ्या.

पेठेतली
आघाताचं मी सांगते. क्रियापदांकडे लक्ष द्या. धक्का *बसतो*, तो त्या क्षणाचा, बाहेरून आलेला. धसका *घेतला* जातो. तो आत राहतो, महिनोन्महिने. धास्ती पुढच्याची असते : मागून गाडीचा आवाज आला की हात गळ्याशी जातो, ती धास्ती. आणि हाय *खाल्ली* की माणूस खचतो, अंथरूण धरतो. तुमच्या आई घरात हिंडतफिरत असतील, जेवतखात असतील तर 'हाय खाल्ली' लिहू नका, ते खोटं होईल. 'आईनं धसका घेतला' एवढंच पुरे. आमच्याकडे आजी लगेच मीठमोहऱ्या उतरून टाकायची, कारण धसका हा काढायचा असतो अशी समजूत. आघात कुणी काढत नाही, त्यावर उपचार होतात. हा फरक तुमच्या लेखात यायला हवा असं मला फार वाटतं.

करवीरकन्या
हात गळ्याशी जातो, अगदी तसंच. गळा मोकळा असला तरी जातो.
तपासात गंठण सापडलं नाही, वितळवलेली लगड सापडली. ती कोर्टाच्या हुकमानं सुपूर्तनाम्यावर मिळाली, कागदावर 'मुद्देमाल परत'. आई म्हणाली, "सोनं आलं, गंठण कुठं आलं?" तिचं वाक्य मुद्देमालाच्या ओळीखाली तसंच ठेवते.
आता शेवटचं. या लेखनाला म्हणायचं काय? 'सत्यकथा' म्हटलं की लोक भलतंच समजतात.

शब्दवेडा
'आपबीती' हिंदीकडून आलेला शब्द, शिवाय बेतलं आईवर आणि लिहिताय तुम्ही. 'हकीकत' म्हणा. तिची आणि तुमची, दोघींची त्यात मावेल.