स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) रेडीमेड घ्यावा का घरीच बनवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अंबाजोगाईकडून लिहायलोय. शेतात रात्री लाइट गेली (ती जातेच) की आकाशगंगा अशी दिसते की बस, पण फोटो काढायला जावं तर १८ एमएमच्या किट लेन्सवर शटर १५-२० सेकंदांच्या पुढं उघडं ठेवलं की तारे लांबट व्हायलेत. रेडीमेड ट्रॅकर बघितला तर माझ्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा महाग, घरी किंमत सांगायची सोय नाही. म्हणून दोन फळ्या, एक बिजागरी आन् एम६ चा बोल्ट घेऊन स्वतःच जुळवलंय, बोल्टचा आटा १ एमएमचा (एका फेऱ्याला तेवढा सरकतो), बिजागरीपासून २२९ एमएमवर बसवला, मिनिटाला एक फेरा दिला की पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ बसतो, हिशोब पक्का आहे. पण हातानं फिरवताना सगळं हलतंय, आन् बिजागरी ज्याच्याकडं रोखायची तो ध्रुवतारा आपल्याकडं जेमतेम १९ अंशावर, तो नेमका बांधावरच्या लिंबाच्या आड. लिंब तर तोडणार नाही.

बॅटरीवरची १ आरपीएमची (मिनिटाला एक फेरा) गिअर मोटर एकसारख्या स्पीडनं फिरते का, का स्टेपरच (ठराविक टप्प्यांनी फिरणारी मोटर) लागतो? ५० एमएमच्या लेन्सवर तारे न लांबता २ मिनिटं मिळाली तरी लई झालं. घरचा आन् रेडीमेड दोन्ही ट्रॅकर वापरलेलं कुणी असेल तर खरं सांगा, रेडीमेडमधी तेवढे पैसे घालण्याइतका फरक पडतो का?