एलईडी बल्ब परदेशातून आणून गोव्यात विकायचे आहेत: आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काय तपासावे?

मडगावचा_दुकानदार:
नमस्कार. मडगावात आमचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. आतापर्यंत घाऊक व्यापाऱ्यांकडून माल घेत आलो. आता चीनमधील एका पुरवठादाराकडून ९ वॅटचे एलईडी बल्ब स्वतःच्या ब्रँडच्या खोक्यात आणण्याचा विचार आहे. आयात-निर्यात कोड काढून झाला आहे. मालाला सीई चिन्ह आहे आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणीही आहे, असे पुरवठादार सांगतो. चतुर्थीपूर्वी माल दुकानात यावा अशी इच्छा आहे. आणखी काय लागेल आणि सल्लागार कोणत्या कामासाठी नेमावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

वास्कोकर:
सीई चिन्ह युरोपच्या बाजारासाठी असते. आपल्याकडे त्याचा उपयोग नाही. एलईडी बल्ब बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात आणि त्यांना आयएस १६१०२ भाग १ हे सुरक्षिततेचे मानक लागू आहे. ही नोंदणी आयातदाराच्या नावावर नसून ठराविक पत्त्यावरील कारखान्याच्या नावावर असते, आणि तिच्यात ब्रँड व मॉडेल क्रमांकही नोंदलेले असतात. त्यामुळे कारखाना नोंदणीकृत असला तरी आपला ब्रँड तिच्यात समाविष्ट झाल्याशिवाय आपल्या खोक्यातला माल नोंदणीकृत ठरत नाही.

मी स्वतः इथेच फसलो होतो. पुरवठादाराने प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, त्यावर 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला आणि मी निश्चिंत झालो. न्हावा शेवा बंदरात कागद तपासले गेले तेव्हा कळले की त्यावरचे मानक आयएस १५८८५ होते, म्हणजे प्रमाणपत्र एलईडी ड्रायव्हरचे (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या भागाचे) होते, बल्बचे नव्हतेच. माल परत पाठवावा लागला आणि कंटेनरचे वाढीव भाडे माझ्या अंगावर पडले. म्हणून 'बीआयएस केअर' ॲपमध्ये क्रमांक घालून कारखान्याचा पत्ता, मानक, ब्रँड आणि मॉडेल या चारही गोष्टी स्वतः ताडून पाहाव्यात. फोटोवर विश्वास ठेवू नये.

पणजीची_करसल्लागार:
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु बीआयएसवर काम संपत नाही. एलईडी बल्बना २०१८ पासून बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारांकन सक्तीचे आहे. हे तारे एका वॅटमागे किती ल्युमेन प्रकाश मिळतो यावर ठरतात, आणि ब्रँड आपला असल्यास प्रत्येक मॉडेलसाठी अर्ज आपल्यालाच करावा लागेल. खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, नगांची संख्या, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा मजकूर वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांनुसार छापावा लागतो. त्याच नियमांखाली आयातदार म्हणून नोंदणीही करावी. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आयातदाराला उत्पादकच मानतात, त्यामुळे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरील नोंदणी विसरू नये. जीएसटी १८ टक्के धरून किंमत काढावी. १२ टक्के हा जुना दर आहे आणि अजून अनेकांच्या हिशेबात तोच असतो.

सल्लागार नेमायचाच असेल तर बीआयएस व बीईईच्या अर्जांसाठी नेमावा. बाकीचे अर्ज आपण स्वतः भरू शकाल.

वास्कोकर:
एक राहिले. नमुने मागवताना पिन होल्डरचे, म्हणजे बी-२२ कॅपचे बल्ब हवेत, हे लेखी कळवावे, नाहीतर आट्यांचे बल्ब येतील आणि आपल्याकडच्या घरांतील बहुतेक होल्डरांत ते बसणार नाहीत. चतुर्थीचे मात्र यंदा विसरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नमुने भारतातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मग ब्रँडची नोंद व्हायची, याला वेळ लागतो आणि घाई केल्याने तो कमी होत नाही. यंदा घाऊक मालावरच हंगाम काढावा.

मडगावचा_दुकानदार:
दोघांचेही आभार. ॲपमध्ये क्रमांक घालून पाहिला. मानक आयएस १६१०२ हेच आहे, परंतु कारखान्याचा पत्ता प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरील (मालापूर्वी पाठवलेल्या अंदाजी बिलावरील) पत्त्याशी जुळत नाही आणि ब्रँडच्या रकान्यात भलतेच नाव आहे. पुरवठादाराकडे लेखी खुलासा मागितला असून रक्कम रोखून धरली आहे.