मुलाचा ताप लगेच उतरवायचा की अंगावर काढू द्यायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलगा चार वर्षांचा, वजन १५ किलो. परवा संध्याकाळपासून ताप येतोय, १०१, १०२ असा चढउतार आणि काल मध्यरात्री काखेत १०३ दाखवला. सर्दी आहे, नाक वाहतंय, थोडा खोकला. काल सकाळीच डॉक्टरांना दाखवून आणलंय. त्यांनी कान, घसा, छाती सगळं नीट तपासलं, व्हायरल वाटतंय म्हणाले, अँटिबायोटिकची आत्ता गरज नाही म्हणाले, पॅरासिटामॉलचं सिरप लिहून दिलं आणि "गरज वाटली तर द्या, तापाला घाबरू नका" असं सांगितलं. बाहेर पेशंटची रांग होती त्यामुळे गरज म्हणजे नक्की कधी हे विचारायला वेळच मिळाला नाही.

आता घरात त्यावरूनच चर्चा चालू आहे. सासूबाई म्हणतात ताप डोक्यात जातो, १०० झाला की लगेच औषध द्यायचं आणि कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवायच्या. त्यांच्या माहेरी एका मुलाला तापात झटके आले होते, त्यामुळे त्यांची भीती मला समजते, रात्रभर उशाशी बसून असतात बिचाऱ्या. नवऱ्याने वाचलंय की तापानेच जंतू मरतात, औषध दिलं तर आजार लांबतो, म्हणून तो म्हणतो १०३ झाला तरी थांबूया. दोघांचीही तळमळ खरी आहे, पण औषधाचं झाकण उघडायचं की नाही हे शेवटी मला ठरवावं लागतंय.

काल रात्री काय झालं ते सांगते. त्याचे हातपाय गारठलेले, नखं किंचित निळसर, दात वाजत होते, अजून एक पांघरूण दे म्हणून रडत होता, आणि पोट-पाठ मात्र कढत. थोड्या वेळाने हातपायही तापले आणि पांघरूण लाथाडून दिलं. तेव्हा १०३ होता. औषध दिलं, तासाभराने १०१ वर आला, लगेच उठून जेसीबी घेऊन फरशीवर खेळायला लागला, मऊ भात तूप चार घास खाल्ला. पण नंतर परत चढला.

तर मला हे समजून घ्यायचंय की ताप खरंच काही उपयोगाचा असतो का, असेल तर किती आकड्यापर्यंत थांबायचं, पट्ट्या ठेवायच्या की नाही, थंडी वाजताना पांघरूण द्यायचं की काढायचं, आणि झटक्यांचं काय? कोणी डॉक्टर असतील किंवा ह्यातून गेलेले पालक असतील तर प्लीज सांगा.

रानवारा:
मी बालरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी केलंच आहे, पण ताप म्हणजे काय ते सांगते कारण ते कळलं की तुमचे बरेचसे प्रश्न सुटतील.

ताप जंतू आणत नाहीत, आपलं शरीर आणतं. व्हायरस शिरल्याचं पांढऱ्या पेशींच्या लक्षात आलं की त्या इंटरल्युकिनसारखी रसायनं रक्तात सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस ह्या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. समजा ते १०३ वर नेऊन ठेवलं. आता अंग ९९ असलं तरी मेंदूच्या हिशोबाने ते "थंड" आहे, म्हणून उष्णता बाहेर जाऊ नये यासाठी तो कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतो आणि स्नायूंना हुडहुडी भरवून उष्णता तयार करतो. तुम्ही रात्री पाहिलंत ते नेमकं हेच, ताप चढतानाचे गार हातपाय. १०३ गाठला की थंडी थांबते, मूल पांघरूण काढून टाकतं. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, ठरलेला आकडा खाली येतो, मग घाम सुटून अंग निवतं.

ह्यावरून पट्ट्यांचं उत्तर मिळतं. मेंदूने १०३ ठरवलेलं असताना तुम्ही वरून गार पाण्याने अंग थंड केलंत तर तो अजून हुडहुडी भरवणार, मूल अजून रडणार. त्याला बरं वाटत असेल तर कोमट पाण्याने अंग पुसा, नको म्हणाला तर सोडून द्या. कोलनवॉटरमध्ये अल्कोहोल असतं, लहान मुलांना ते नकोच. थंडी वाजत असेल तर हलकं पांघरूण द्या, थंडी गेली की काढा. गोधड्यांखाली दाबून घाम काढायचा नाही.

ताप डोक्यात जातो ही भीती माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक आजीच्या मनात असते. इन्फेक्शनमधला ताप मेंदूच्याच ताब्यात असतो त्यामुळे तो सहसा १०६ च्या वर जात नाही. मेंदूला इजा होते ती मेंदूज्वर, मेंदूत गेलेला मलेरिया अशा मूळ आजाराने. उष्माघात ही वेगळी गोष्ट आहे, विदर्भात मे महिन्यात दुपारी उन्हात राहिलेला माणूस किंवा बंद गाडीत अडकलेलं मूल, तिथे ठरलेला आकडा बदललेलाच नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते, त्यामुळे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, अंग ताबडतोब थंड करत हॉस्पिटल गाठायचं.

आणि गरज म्हणजे काय तर मुलाकडे बघायचं. १०२ आहे पण खेळतोय, पाणी पितोय, तर औषध नाही दिलं तरी चालेल. १०१ आहे पण अंग दुखून रडतोय, काही पोटात जात नाही, झोप नाही, तर द्या. झोपलेल्या मुलाला फक्त तापाचं औषध द्यायला उठवू नका.

घाटमाथा:
तुमच्या मिस्टरांच्या बाजूने थोडं लिहितो, जीवशास्त्र शिकवतो म्हणून. तापाच्या उपयोगाबद्दलचा एक गाजलेला प्रयोग सरड्यांवरचा आहे. मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सायन्स ह्या संशोधनपत्रिकेत छापला होता. वाळवंटातला इग्वाना स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार करू शकत नाही, पण जिवंत जंतू टोचले की तो आपणहून जास्त गरम जागेत जाऊन बसतो, म्हणजे वागण्यातून ताप आणतो. मग त्यांनी काही आजारी सरडे गरम ठेवले आणि काही गार. गरम ठेवलेले जास्त जगले, गार ठेवलेले बहुतेक मेले. पुढच्या वर्षी सरड्यांना तापाचं औषध देऊन पाहिलं, ज्यांचा ताप त्याने उतरला ते दगावले.

आपल्या सर्दीचे ऱ्हायनोव्हायरससुद्धा नाकातल्या ३३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गारव्यात छान वाढतात, ३७ ला त्यांची वाढ मंदावते. शिवाय तापात पांढऱ्या पेशी इन्फेक्शनच्या जागी जास्त चटकन पोचतात. एवढी खर्चिक गोष्ट (१ अंश सेल्सिअस ताप वाढला की शरीराचा खर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो) सरड्यांपासून माणसापर्यंत टिकून राहिली ती उगीच नाही.

रानवारा:
घाटमाथा, माहिती बरोबर आहे, पण त्यावरून मुलाला तडफडू द्यायचं असं कोणी घेऊ नये म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयसीयूतल्या ७०० तापाच्या पेशंटवर अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये आला. निम्म्यांना पॅरासिटामॉल, निम्म्यांना औषध नसलेलं द्रावण. पहिल्या २८ दिवसांत पेशंट जिवंत आणि आयसीयूबाहेर किती दिवस होते हा आकडा दोन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला, मृत्यूंमध्येही खास फरक नव्हता. म्हणजे ताप कामाचा असतो हे खरं, पण आराम पडावा म्हणून योग्य डोस दिला तर शरीर काही लढायचं थांबत नाही. बहुतेक वेळा औषध देऊनही तुमच्यासारखं १०३ चं १०१ च होतं. तेवढं पुरेसं आहे, ९८.४ करायच्या मागे लागून डोस वाढवायचा नाही.

चांदणवेल:
झटक्यांबद्दल मी सांगते कारण माझ्या मुलीला दीड वर्षाची असताना आले होते. मांडीवर होती, अचानक डोळे वर फिरवले, अंग ताठ झालं, हातपाय झटकायला लागली, ओठ काळेनिळे. शेजारच्या काकू कांदा घेऊन धावत आल्या, कोणी चमचा दातात घाला म्हणत होतं. माझ्या नणंदेने (ती नर्स आहे) सगळ्यांना बाजूला केलं, तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि घड्याळ बघत बसली. दोन मिनिटांच्या आत थांबलं पण मला तो वेळ संपता संपेना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत १०० पैकी २ ते ५ जणांना असं होतं आणि साध्या झटक्यांनी मेंदूला इजा होत नाही. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मात्र ताबडतोब हॉस्पिटल, आणि पहिल्यांदा आले असतील तर लगेच थांबले तरी दाखवायचंच. मला धक्का बसला तो ह्याचा की तापाचं औषध वेळेवर देत राहिल्याने झटके टळतात असं सिद्ध झालेलं नाही. सासूबाईंना हे नक्की सांगा, कारण त्या रात्रभर जागतायत ते ह्याच धास्तीने असणार.

दर्यावर्दी:
एक विचारू का, तुमच्या भागात डेंग्यू आहे का? पावसाळ्यात आमच्या सोसायटीत भरपूर होता. मेडिकलवाल्याकडून परस्पर "स्ट्राँग" सिरप आणू नका. आमच्या इथे एका दुकानात चिठ्ठीवर साधं पॅरासिटामॉल असताना मेफेनॅमिक ॲसिड (ताप-दुखण्याचं दुसरं औषध) मिसळलेलं सिरप हातात ठेवलं होतं, ह्याने लवकर उतरतो म्हणे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना चांदणवेल ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, त्यांनी दोनदा वाचायला लावला. कोलनवॉटर कपाटात गेलं. आज दुपारी १०१.५ होता पण चित्रं काढत बसला होता, औषध दिलं नाही, तासाभराने आपोआप झोपला.

दर्यावर्दी, हो, मागच्या गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट आहेत. आता त्याचीच काळजी लागलीय. डॉक्टर रानवारा, डोसचं आणि डेंग्यूचं जरा सांगाल का?

रानवारा:
पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, म्हणजे १५ किलोला १५० ते २२५ मिलीग्रॅम. बाटलीवर ५ मिलीमध्ये किती आहे ते वाचा, १२०, १२५ आणि २५० अशी वेगवेगळी मिळतात आणि गोंधळ तिथेच होतो. म्हणून चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याच स्ट्रेंथची बाटली हवी आणि घरातला चमचा न वापरता सोबतच्या मापानेच द्यायचं. दोन डोसांत किमान चार तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. सर्दीच्या सिरपमध्येही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकत्र दिली तर डोस दुप्पट होतो आणि लिव्हरवर येतं.

डेंग्यूची शक्यता असताना आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, मेफेनॅमिक ॲसिड ह्यातलं काही नको, रक्तस्रावाचा धोका असतो. ॲस्पिरिन तर मुलांना तापात एरवीही देत नाहीत. निमेसुलाइड ह्या तापाच्या औषधावर आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, घरात जुनी बाटली पडली असेल तर टाकून द्या.

डेंग्यूत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताप उतरला की आपण निर्धास्त होतो आणि धोक्याचा काळ तिथेच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. त्यामुळे ताप गेल्यावरचे दोन दिवस जास्त लक्ष ठेवा. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून हिरड्यांतून रक्त, काळी शी, हातपाय गार आणि मूल मलूल (ताप चढताना नाही, ताप नसताना), ह्यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल. कुठल्याही तापात श्वास जोरात चालणं, मान ताठ होणं, मूल नीट जागं न होणं, सहा-आठ तास लघवी नाही, तरीही तसंच. आणि धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ जरी आला तरी घरी औषध देऊन थांबायचं नाही, त्याच वेळी डॉक्टरांकडे.

तुमच्या मुलाला उद्या सकाळीही ताप असेल तर परत दाखवून या आणि गल्लीत डेंग्यू आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) करायचं का ते ठरवतील. एनएस१ पहिल्या पाच दिवसांतच जास्त उपयोगी पडते म्हणून फार लांबवू नका. तोपर्यंत पेज, वरणाचं पाणी, ओआरएस, नारळपाणी, त्याला जे आवडेल ते थोडं थोडं देत राहा. जेवला नाही तर जबरदस्ती नको, पाणी मात्र पोटात जायला हवं. रिपोर्ट आले की इथे टाका, मी रात्री बघते.